शेवटची ट्राम गेल्यावर

माशी खिडकीतच मेली होती,
दुहेरी काचांच्या मधे, सप्टेंबरात कधीतरी.
एका केसाच्या ब्रशानं तिला झाडलं,
दोन तास, श्वास धरधरून,
तरी डाव्या डोळ्यावर एक धागा उरलाच.
बहुतेक माझ्याच स्वेटरचा.

आता ती टाचणीच्या टोकावर आहे
आणि मी अकरा पन्नासच्या ट्रामची वाट बघतोय.

टेबलावर सायकलच्या दोन ट्यूब, अर्ध्याच फुगवलेल्या,
त्यांच्यावर ग्रॅनाइटची लादी.
थडग्यांचे दगड कोरणाऱ्या गुंटिसनं फुकट दिली,
आडनावात एक अक्षर चुकलं होतं म्हणून.
कोरलेली बाजू खाली ठेवली आहे.
लादीवर रेल, रेलवर कॅमेरा, कॅमेऱ्याला भाता,
भात्याच्या तोंडाशी लेनिनग्राडच्या मायक्रोस्कोपचं भिंग,
करंगळीच्या पेराएवढं,
शाळेची प्रयोगशाळा मोडीत निघाली तेव्हा
पोतंभर बटाट्यांवर सौदा झालेलं.

भिंग आणि माशी यांच्यात सहा मिलिमीटर.
उजेडानं शिरायचं तर तेवढ्याच फटीतून.
फ्लॅश मारून बघितला: डोळाभर पांढरे ओरखडे.
मग दह्याचा डबा कापून तिच्याभोवती बसवला,
बाहेरून दोन दिवे,
आत ढगाळ दिवस उजाडला,
लिएपायात नोव्हेंबरात असतो तसा.
पण ढगाळ उजेड आळशी. फोटोमागे दोन सेकंद घेतो,
आणि दोन सेकंदांत या गावात काय काय हलतं!
वरच्या मजल्यावर डझिडराचं वॉशिंग मशीन.
समुद्राचा वारा, छपराचा सैल पत्रा.
फ्रिज मी बंदच करतो, दूध खिडकीबाहेर ठेवतो.
बटणाची वायर लांब ओढून दाराशी जातो
आणि तिथं खांबासारखा उभा राहतो,
कारण खुर्चीत बसलो तर म्हणे माझी नाडीसुद्धा फोटोत येते.

एका वेळी लख्ख दिसतं
ते केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा.
बाकी सगळं धुकं.
म्हणून स्क्रू पाच मायक्रॉन फिरवायचा. दाराशी. थांबायचं. फोटो.
पुन्हा पाच मायक्रॉन. दाराशी. थांबायचं. फोटो.
एका मिलिमीटरला दोनशे थांबे.
माझ्या अख्ख्या मार्गावर इतके नव्हते.

एकतीस वर्षं या गावाला मीच हलवलं.
खालच्या वळणावर ट्राम घातली
की आमच्या कपाटातल्या बश्या बोलायच्या.
मिर्डझा म्हणायची, तू आलास ते मला बशी सांगते,
आणि सूप गरम करायला ठेवायची.
तेव्हा मला ते ऐकूच यायचं नाही.
आत बसलेल्याला काय कळणार.

अकरा पन्नास. गेली.
दहा मिनिटं लादीला शांत होऊ दिलं.

एक ते एकशे छत्तीस, सगळे नीट.
डोळ्याच्या खोल्या एकेक करून उजळत गेल्या,
षटकोनी, तांबूस, रांगेत,
कुणी गवंड्यानं ओळंबा लावून बांधाव्यात तशा.
एकशे सदतिसाव्याला बश्या बोलल्या.

इतक्या रात्री रिकामी गाडी डेपोत चालली असणार.
वळणाआधी वेग कमी केला नाही,
वळणात शिरल्यावर दचकून ब्रेक.
झांडा. दुसरं कोण?
तिला मीच शिकवलं. सतरा वेळा सांगितलं,
आधी, बाई, आधी!

पडद्यावर मोठं करून बघितलं:
प्रत्येक खोलीची भिंत दोनदा काढलेली,
तो धागासुद्धा दुहेरी.
तोवर दिव्यांच्या उबेनं माशीची मिशी वाळून खाली झुकली होती,
म्हणजे मागचे एकशे छत्तीस पुढच्यांशी जुळणार नाहीत.
रात्र गेली.

एकेक करून पुसले.
एकशे सदतिसावा पुसताना बोट थांबलं.
त्याच्यासाठी वेगळा फोल्डर केला, नाव दिलं
‘झांडा, ब्रेक उशिरा’,
तारीख घातली, वेळ घातली.

मग माशीवर चहाचा पेला पालथा घातला,
फ्रिज सुरू केला,
दूध आत घेतलं.
वर बर्फाची साय धरली होती.