खलाशी

बाबांच्या पगारपत्रकावर हुद्दा होता : खलाशी.
समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.
सर्वेक्षण खात्यात पट्टी धरायची,
लाल-पांढऱ्या आकड्यांची, माणसाहून दुप्पट उंच.
उन्हात छत्री असायची ती दुर्बिणीवर.
साहेब ओरडायचा, "हलू नको, उकंडा."
ते हलत नसत.

मुंबईच्या बंदरातून निघालेलं शून्य
असं पट्टीपट्टीनं, हातोहात
घाट चढून, भुसावळ, मलकापूर, मूर्तिजापूर मागे टाकून
आमच्या नाल्याच्या पुलावर आलं
आणि दगडात बसलं :
एक आडवी रेघ, खाली बाण.
दोनशे त्र्याऐंशी मीटर, वर थोडं.

गावाला वाटलं, सरकारनं धन पुरलंय.
दोनदा खणून झालं.
मग बायका तिथे गोवऱ्या थापू लागल्या.

मी बसते त्या खोलीत आता भिंतभर समुद्र असतो.
बंदराबंदरातल्या मापकांच्या रेघा हलत राहतात.
रत्नागिरीला भरती किती, कारवारला उधाण कधी,
पार दक्षिणेत उठलेल्या लाटा
परवा दुपारी केरळात कुठे पोचतील.
होड्या वर ओढून ठेवा, असं लिहून पाठवते
मी कधीच न पाहिलेल्या माणसांना.
परवाची दुपार नुसतीच गेली
की डबा गोड लागतो.

रात्री फोन. धरणाची पातळी विचारावी तसं बाबा विचारतात,
"आज किती हाय तुहा समुद्र?"
सांगते.
एकदा हेही सांगून बसले
की तो चढतोय, वर्षाला ज्वारीच्या दाण्याएवढा.
पलीकडे खोकला. मग,
"म्हंजे आपला पूल तेवढा खाली आला का वं?"
शून्य हलवत नाहीत, बाबा.
ते जुन्या समुद्राचं आहे,
कितीतरी भरती-ओहोट्यांची सरासरी.
समुद्र तिथून केव्हाच निघालाय.
"मंग मी कोनता मोजला."
प्रश्न नव्हता तो.

यंदा रस्ता रुंद झाला. पूल पाडला.
बाबांनी कंत्राटदाराच्या पोराकडून दगड मागून घेतला,
कुणाच्या तरी बंडीत घालून घरी आणला.
न्हाणीपाशी आहे. आई त्यावर धुणं आपटते,
बाण साबणात.

दिवाळीला गेले तेव्हा मी शहाणपणा केला :
जागा सुटली की आकडा मेला, बाबा.
ते सुपारी कातरत राहिले.

संध्याकाळी शोधायला निघाले तर
नाल्याच्या काठी उभे,
पूल होता बरोब्बर तिथे.
दोन्ही मुठी छातीपुढे, एकावर एक,
मधे काहीच नाही.
नाल्यात प्लॅस्टिक, बेशरमाची झुडपं,
वरून टिप्पर गेला, धूळ उडाली, खाली बसली.

मी लांबूनच म्हणणार होते,
हलू नका.

हलत नव्हतेच.