परीटघडी

त्या गेममधल्या माणसांच्या चादरी कधी मळत नसत.
तीस-तीस वर्षं झोपत ती एकाच निळ्या पलंगावर,
लग्नं करत, रुसत, म्हातारी होत,
आणि सकाळी एका झटक्यात
पलंग पुन्हा परीटघडीचा.

आउने केत्तुनेनला हे सहन होईना.
ओउलूच्या इस्पितळातल्या धुलाईघरात
एकवीस वर्षं काढलीयत तिनं.
चादरीवरून माणूस ओळखते:
कुशीवर झोपणारा, रात्रभर टक्क जागा,
भिंतीकडे तोंड करून रडलेला.
तिचा पहिला मॉड एवढाच, चौदा ओळींचा:
नऊ दिवसांनी चादर मळते.
मळकीच राहिली तर माणूस जरा चिडका होतो,
का, ते त्याला कळत नाही.

अकरा हजार लोकांनी
हौसेनं आपापल्या घरात मळ मागवून घेतला.

मग धुणं आलं. धुण्यामागून
तिच्या इमारतीचं तळघर आलं, दोन मशीनं,
वाळवणखोली, आणि भिंतीवर पाळ्यांचा फळा.
प्रत्येक घराचं बोटाएवढं कुलूप,
हव्या त्या तासाच्या भोकात बसवायचं, किल्ली फिरवायची,
तो तास तुमचा.
दुसऱ्याच्या तासात मशीन लावलंत
तर शेजारी भांडत नाहीत,
फक्त जिन्यात थांबून राहतात, तुम्ही वर जाईपर्यंत.
हे लिहायला तिला अख्खा हिवाळा लागला.
भांडण सोपं, त्याला हातवारे असतात.
न बोलणं कसं हलवून दाखवायचं?

कुरितिबाच्या एका मुलानं कळवलं:
हे कुलूपबिलूप कसलं? आमच्या मागच्या अंगणात
सिमेंटची टाकी आहे, आई घासते, रेडिओ ओरडतो.
तुमचं सगळं खोटं वाटतं.
बुसानच्या एका बाईंना गच्ची हवी होती, वारा हवा होता,
आणि शेजारच्या गच्चीवर उडून गेलेला एक मोजा.
आउनेनं मोजा दिला.
वारा जमला नाही.

मार्चमध्ये तक्रारी आल्या.
गुरुवारची संध्याकाळी सातची पाळी कुणालाच मिळत नाही.
तिथं एक कुलूप आहे, त्यावर घराचा नंबर नाही,
उघडत नाही, निघत नाही. दुरुस्त करा.
त्याच आठवड्यात गेमची नवी आवृत्ती आली
आणि बाकीचंही मोडलं:
चादरी, मोजा, जिन्यातलं थांबणं.
दोन रात्री जागून तिनं सगळं बसवलं.
कुलूप सोडून.

तळघरातल्या खऱ्या फळ्यावर
रूस्कानेन यांचं कुलूप अजून गुरुवार-सातवर आहे.
पुतण्या आला, कपाटं घेऊन गेला, किल्लीचं त्याला ठाऊक नव्हतं.
कार्यालयात कळवायला हवं, असं सगळेच म्हणतात
आणि बुधवारी धुतात.

तक्रारीखाली तिनं लिहिलं, 'ते तसंच असतं.'
खोडलं.
लिहिलं, 'माहीत आहे.'

त्यावर कुणीतरी विचारलं:
माझ्या गेममधली बाई गुरुवारी सातला खाली जाते,
कपडे नेत नाही,
बाकावर बसून राहते. हे तुम्ही लिहिलंय का?

आउनेनं सगळ्या ओळी चाळल्या, वरून खाली, खालून वर.
नव्हतं लिहिलेलं.
बाक तेवढा तिचा होता.
मशीन थांबेपर्यंत रूस्कानेन त्यावर
शब्दकोडं सोडवत बसत, पेनानं,
खाडाखोड न करता.