कोपराखाली

थर्मन केसलला मी एकतीस उन्हाळे ओळखलं,
तेही एकाच बाजूने.
पत्र्याच्या छपराचं लाकडी खोकं, एक मायक्रोफोन,
उजव्या खुर्चीवर तो, डाव्या खुर्चीवर मी.
मी धावफलक भरायचो, चिठ्ठ्या सरकवायचो:
पिचरचा खांदा दुखतोय.
हा बॅटर आज दोनदा बाद.
चिठ्ठी त्याच्या हाताखाली जायची
आणि पुढच्या वाक्यात मिठासारखी विरघळायची.

त्याने स्वतः कधी बॅट धरली नव्हती.
कागदगिरणीत रात्रपाळीला तो मालगाडीचे डबे मोजायचा,
मोजता मोजता मोठ्याने सांगायचा:
तपकिरी, दार उघडं, आत कुणीतरी झोपलंय.
मुकादमाने ते ऐकलं
आणि रेडिओवरच्या मेव्हण्याच्या कानावर घातलं.
एवढीच त्याची सुरुवात.

वाबाश नदीकाठचं आमचं गाव, तिसऱ्या दर्जाचा संघ.
इथून वर गेलेले परत आले नाहीत,
वरून आले ते गुडघे संपवून आले.
थर्मनला शिकागोहून दोनदा बोलावणं आलं.
पहिल्यांदा वर्लाची आई अंथरुणाला खिळली होती.
दुसऱ्या वेळी तो नुसतं म्हणाला,
तिथल्या खोक्याला काच आहे, डेल.

मिसेस ओगलट्री जन्मांध.
शेजारच्या मुलीकडून पोस्टकार्ड लिहून घ्यायच्या:
काल तुम्ही ढग सांगितले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पहिल्याच इनिंगला तो ढग सांगायचा,
कालचे आणि आजचे.

त्रेसष्ट सालचा ऑगस्ट.
वर्ला दहा दिवस दवाखान्यात, उशाशी रेडिओ.
तूच म्हणालीस म्हणून जातो, असं तिला सांगून तो आला होता.
आठवी इनिंग, दोन-दोन बरोबरी,
तिकीटखिडकीवरचा पोरगा शिडी चढून आला
आणि माझ्या हातात कागद कोंबून
खाली मान घालून उतरला.
वर्ला गेली. आठ चाळीस.

मी तो कोपराखाली ठेवला.
म्हटलं, ही इनिंग होऊ दे.
मग म्हटलं, ही.
या खेळाला घड्याळ नसतं,
कुणी हरेपर्यंत रात्र संपत नाही,
आणि त्या रात्री हरायला कुणी तयार नव्हतं.
नववी. दहावी. अकरावी.

थर्मनला तसं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.
दिव्याभोवतीचे पतंग त्याने सांगितले.
तिसऱ्या बेसवरच्या पोराची सुटलेली नाडी,
माळ्याचं लंगडं कुत्रं, ते कुठे बसलं, का उठलं,
गिरणीच्या धुरांड्याआड अडकलेला चंद्र.
एकेका चेंडूआधी इतकं सांगायचा
की पिचर त्याच्यासाठीच थांबलाय असं वाटे.

चौदाव्या इनिंगला एक साधा सरपटी चेंडू
शॉर्टस्टॉपच्या पायांमधून गेला.
त्याने धावसंख्या सांगितली, शुभ रात्री म्हटलं,
मायक्रोफोनवर टोपी ठेवली.
मी कोपर उचललं. घामाने शाई फुटली होती.
त्याने वाचलं, घडी केली, खिशात घातली,
आणि एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत
शिडी उतरला.
नर्सने रेडिओ बंद केला नव्हता,
हे आम्हाला दफनाच्या दिवशी कळलं.

त्यानंतर सतरा वर्षं त्या खोक्यात
त्याने त्याबद्दल ब्र काढला नाही, मीही नाही.
निरोपाला संघाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं.
ते काखेत धरून तो शिडीपाशी थांबला.
म्हणाला, डेल, त्या रात्री आठव्या इनिंगपासून
तू डाव्या हाताने लिहीत होतास.

त्या सामन्याचं पान माझ्याकडे आहे.
सात रकाने माझ्या नेहमीच्या अक्षरात,
पुढचे सात
पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखे,
रेघेबाहेर गेलेले.