पाण्याचा घोटसुद्धा नाही

बसा की. ही खुर्ची डगमगते, तेवढं सांभाळा.
माझी झाली गेल्या गुरुवारी. आज रिपोर्टसाठी आलोय.
तुम्ही दांडिया बाजारातले सुर्वे ना?
गणपतीच्या वर्गणीला यायचो मी तुमच्याकडे,
तुमचे वडील पावती दोनदा वाचायचे.

रात्री बारानंतर काही खाल्लं नाहीत ना?
पाण्याचा घोटसुद्धा नाही.
मला तर हसूच आलं.
एकतीस वर्षं सेवासदनाच्या पाणी खात्यात,
आजव्याहून येणाऱ्या लायनीचा एकेक व्हॉल्व्ह मला नावानं ओळखायचा,
आणि मी ओट्यावरच्या तांब्याकडे बघत पहाट काढली.

रक्त पातळ करायची गोळी घेता का?
सांगितलंत त्यांना? नसेल तर आत्ता उठून सांगा.
कवळी काढून द्यावी लागते.
माझी कागदात गुंडाळून सुनेच्या हातात दिली.
तेवढं एक जड गेलं मला.

मग घशात फवारा. कडू.
कारल्याचा कडूपणा नव्हे,
लहानपणी बॅटरीच्या टोकाला जीभ लावायचो, तसला.
हेतलबेन म्हणेल, "काका, गळी जाओ, गभराशो नहीं."
गिळता गिळता गिळणंच नाहीसं होतं.
घसा जागेवरच असतो, पण शेजाऱ्याचा वाटतो.
श्वास चालू असतो, सुर्वे.
तो चालू आहे एवढं स्वतःला बजावत राहायचं,
आपल्याकडे तेवढंच काम.

शिरेतून थोडी गुंगी देतात.
झोप म्हणता येणार नाही,
दुपारी पेपर छातीवर ठेवून लागते ना, ती.
बोटाला चिमटा, डोळ्यांवर पट्टी,
आणि नाकातून ती काळी नळी, टोकाला दिवा.
खोकला येतो. येऊ द्या.
दोनतीनदा वाटतं, संपलं आता.
उजवा हात मांडीखाली दाबून ठेवा, नळी ओढायचा मोह होतो.
डावा हेतलबेन धरते.

पारीख डॉक्टर कुणाला तरी शिकवत होत्या,
"हे बघ, इथे दोन फाटे."
आणि त्या गुंगीत मला जेसंग आठवला.

चेंबरचं झाकण सरकवलं की मी काठावर,
टॉर्च धरून.
तो उतरायचा. कमरेला दोर, तोंडावर ओला रुमाल.
मी वरून ओरडायचो, फाटा दिसला का?
उजवीकडे बघ. अजून खाली.
तो खोकायचा, आणि त्याचा खोकला
माझ्यापर्यंत येईस्तोवर मोठा व्हायचा.
वर आला की चहा पाजायचो मी त्याला. दोन कप. कधी चुकलो नाही.
आत कसं वाटतं ते मात्र
एकतीस वर्षांत विचारलं नाही.

असो.
मग थंड पाणी सोडतात आत, थोडंसं, आणि ओढून घेतात बाटलीत.
एक चिमटा बसतो. दुखत नाही,
फक्त कळतं की कुणीतरी काहीतरी नेलं.
वीस मिनिटं म्हणतात.
असतील वीस.

नंतर दोन तास पुन्हा कोरडे.
घशाला जाग येईपर्यंत पाणी भलत्या वाटेनं जातं,
हे मी तुम्हाला खात्याचा माणूस म्हणून सांगतो.
पहिला घोट बसून घ्या, चमच्यानं.
बेडक्यात तांबूस रेघ दिसेल, ती चालते.
जास्त दिसलं तर फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.
संध्याकाळी मला कणकण आली होती, रात्रीत उतरली.
मी सुनेला म्हटलं, सेवउसळ आण.
तिनं थंड दूधभात पुढे ठेवला.

रिपोर्ट सगळे एकदम येत नाहीत.
काही जंतू उगवायलाच सहा आठवडे घेतात म्हणे,
मेथीपेक्षाही आळशी.
माझे अर्धे आज कळतील.

बघा, नाव घेतलं तुमचं.
चष्मा काढा, द्या इकडे.
घड्याळही. स्कूटरची किल्ली तर द्याच,
आज चालवायची नाही ती.
मी आहे इथे, काठावर.
बाहेर आलात की सांगा मला.
आवाज बसला असेल, हळू सांगा,
पण सगळं सांगा.