बंद आहे

कुताइसीत, बाजारामागच्या गल्लीत
काकाचं गॅरेज मिळालं अर्ध्या भाड्यात.
ऑइलचा वास जात नाही. नाही तर नाही.
भिंतीला दोरी, दोरीला चिमटे,
चिमट्यांना माझी पोस्टरं:
सोललेला अक्रोड, रिओनीच्या पात्रातले पांढरे दगड,
पुलावर रस्ता अडवून बसलेली गाय.

बँकेत सहा वर्षं
मी एक हसरं कुटुंब सरकवत होते,
दोन मिलिमीटर डावीकडे,
वरून निरोप आला की पुन्हा उजवीकडे,
खाली गृहकर्जाचा दर.
नोकरी सोडली तेव्हा आई म्हणाली, नेस्तान,
अक्षरं काय, सगळ्यांनाच काढता येतात.

येत असतील. मला किंमत काढता येईना.
तीस लारी लिहिलं, खोडलं.
पंचवीस. खोडलं.
एवढी खाडाखोड कुठल्याच चित्रात झाली नव्हती.
लोक आले, किती सुंदर म्हणाले,
फोटो काढून गेले.
एक जण सायकल घेऊन आला,
पंक्चर काढून मागितलं.

अकराव्या दिवशी समोरचा वाझा आला,
बुटांचे तळ बसवतो तो, चाळीस वर्षं.
हाताला डिंक. पोस्टरांकडे पाहिलंही नाही.
म्हणाला, एक पाटी हवी. बंद आहे, अशी.
दुपारी जरा डोळा लागला की लोक दार वाजवतात.

माझ्या उघडलेल्या दुकानाचं
पहिलं गिऱ्हाईक.

नऊ अक्षरं. तीन रात्री.
आमच्या लिपीत सरळ रेघ क्वचितच,
सगळी वळणं, घाई केली की हात घसरतो.
गडद निळा, कारण लाल रंग ओरडतो
आणि त्याला तर झोपायचं होतं.

किती झाले?
चाळीस, म्हणाले मी. आवाज कुणा दुसरीचाच.
लाकडाचे?
नाही, अक्षरांचे. लाकूड तुम्हाला असंच.
तो बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला,
मग नाणी मोजली, सदतीस भरली,
तीन उद्या, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी
मी शटर अर्धं ओढून रस्त्यापलीकडे गेले.
पाटी जरा तिरकी लागलीय.
काचेआड वाझा, तोंड उघडं, झोपलेला.
एक बाई आली, हातात तुटक्या टाचेचा बूट,
पाटी वाचली, शेवटच्या अक्षरापर्यंत,
आणि दार वाजवलं.

तिसऱ्या-चौथ्या अक्षरातली फट
केसभर जास्त झालीय.
पुढच्या वेळी.