चोवीस मिलिमीटर

नळेगाव रोडला, बॅटरीवाल्याच्या शेजारी
पत्र्याखाली माझा लेथ.
पाटीवर अजून अब्बांचंच नाव:
मुकर्रम खरादी. पाळणे, पोळपाट, बाजेचे पाय.
आणि खाली, रंग उडालेलं,
ऑर्डरप्रमाणे.

त्या शेवटच्या शब्दातून एक दिवस
बिरादारांचा मन्मथ आत आला.
नोकरी बंगळूरची, बसणं उदगीरला, माडीवर.
रुमालातून त्यानं बोटभर स्टीलची नळी काढली,
जशी कुणी कानातलं मोडायला आणतं.
'ह्याला लाकडाचं कवच करा, ताई.'
काय आहे हे?
'सिगारेट.'
पेटते कुठून?
'पेटत नाही. चार्ज होते.'
मग म्हणाला, धूर नसतो, वाफ असते.
भाताला येते तशी.

मी व्हर्नियर लावला. चोवीस मिलिमीटर.
भिंत दीडची ठेवायची,
त्याहून जाड झालं तर म्हणे मुठीत जड वाटतं.
पाळण्याच्या खांबाला कोण विचारतं, जड आहे का.

साग पहिल्याच भोकाला उभा चिरला.
बाभूळ चिवट, पण तिच्यात गाठ निघाली डोळ्याएवढी.
मग कोपऱ्यातली चिंच उचलली,
बिदर रस्ता रुंद केला तेव्हा पाडलेली,
सहा उन्हाळे पत्र्याखाली वाळलेली.
चिंच वरून फिकट, साध्या घरची.
गाभ्यात गेलं की जांभळी, जवळजवळ काळी,
वांग्याच्या सालीसारखी.
निहाण टेकवलं तर आधी खडखड,
मग सर्रर्र,
मग आवाजच नाही, फक्त मनगटाला कळणारी थरथर:
इथून पुढं अर्धा केस, की गेलं.

त्याच वेळी लाईट गेली.
लेथ थांबता थांबता
इतका वेळ नुसती सावली असलेलं लाकूड
पुन्हा लाकूड झालं.

लहानपणी मोटर नव्हती. दोरी मी ओढायची,
अब्बा धार धरायचे.
ओढ, सोड. ओढ, सोड.
आता ते बाहेर खुर्चीत बसून तेच करतात
छातीनं.
जन्मात बिडी नाही ओढली या माणसानं.
चाळीस वर्षं साग ओढला, शिसव ओढलं.
लातूरचा डॉक्टर फोटो उजेडाला धरून विचारतो,
रोज किती पाकिटं?
अब्बा म्हणतात, पाळणे मोजून सांगू?

लाखेची कांडी टेकवली, चिंधीनं चमक आणली.
मन्मथनं ते गालाला लावून बघितलं.
आणखी सहा सांगितले, मित्रांसाठी,
आणि जाताना हेल्मेटच्या आतून:
'ताई, बंदी आहे ह्याच्यावर. बोलू नका कुठं.'
म्हटलं, मी लाकूड कातते.
भोकावर बंदी निघाल्याचं ऐकलं नाही.

सहा झाले. तो आला नाही.
फोन आधी लागायचा, मग लागेना.
बाजारच्या दिवशी त्याची आई आली, महानंदाबाई,
लाटणं घ्यायला.
फळीवरचं एक उचललं, वास घेतला.
'चिंच व्हय?'
चिंच.
'कशाला म्हणून केलंत?'
माझी जीभ तोंडात एक फेरा फिरली.
ऑर्डरचं होतं, म्हटलं.
'माझ्या सुया लई हरवायलेत,
ह्याला बूच बसवून द्या की.'

बूच बसवलं. साठ रुपये घेतले, लाटण्याचे वेगळे.
माडीवर कधीतरी तो ते झाकण उघडेल.
पुढचं मला माहीत नाही.

उरलेल्या पाचांतलं एक अब्बांनी काल हातात घेतलं,
दुर्बिणीसारखं डोळ्याला लावून
उसाचा ट्रॅक्टर बघितला, वळणाआड जाईपर्यंत.
मग फुंकर मारली. वाजलं नाही. खोकले.
'अंदर कुछ बी नै?'
कुछ नै, अब्बा.
पर दीवार देखो.
डेढ है. सब जगा डेढ.