शनिवारपर्यंत अकरा मुडदे

बाबांनी टेक्सस कधी पाहिलं नाही.
बार्सिलोनात, ग्रासियाच्या उतारावर,
चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसून
त्यांनी बावीस वर्षं तिथली गुरं हाकली.

टेबलावर टाइपरायटर. त्याखाली घडी घातलेलं ब्लँकेट,
कारण खालच्या सेन्योरा फुस्तेला
पहाटेचा गोळीबार सोसत नसे.
एका अंगाला चण्यांचं पातेलं, दुसऱ्या अंगाला नकाशा,
कुठल्याशा पेट्रोल कंपनीने फुकट वाटलेला,
घड्यांवर फाटून रिओ ग्रान्दे दोन ठिकाणी आटलेली.

आठवड्याला एक कादंबरी. शहाण्णव पानं.
सत्त्याण्णवावं छापखाना छापत नसे,
पंचाण्णवावर थांबलं तर पैसे कापत.
हजार पेसेटा, आणि मुखपृष्ठावर नाव लॉर्न टी. बर्डिकचं.
या बर्डिकला मी लहानपणी घाबरायचे.
वाटायचं, एक दिवस घोड्यावरून येईल
आणि आमच्या घरभाड्यातला आपला वाटा मागेल.

"नेउस, घोडा कुठल्या रंगाचा होता गं?"
मी कार्बनची प्रत चाळायची, बोटं जांभळी.
"तिसऱ्या प्रकरणात तांबडा. पाचव्यात काळा."
"मग चौथ्यात पाऊस पाडू. भिजला की काळाच दिसतो."

मुडद्यांचा हिशेब आईकडे.
किराण्याच्या वहीत, तेलाच्या उधारीखाली रेघा:
दारूच्या गुत्त्यात दोन, खिंडीत चार.
"हा मंगळवारीच मेलाय, एउदाल्द,
याला परत दारू पाजू नकोस."
सेन्सॉरला मुडदे चालत, लांबलेलं चुंबन चालत नसे.
शेरीफ लाचखाऊ नको, पाद्री पळपुटा नको,
आत्महत्या तर नाहीच.
म्हणून हताश माणसं आमच्याकडे
बंदूक पुसताना चुकून मरत.

युद्धाआधी बाबा भूगोल शिकवायचे.
मग एक कागद आला. त्यावर शिक्का,
शिक्क्याखाली लांब शेपटीची सही.
तो कागद कपाटात, चादरींच्या खाली असे.
बाबा त्याबद्दल बोलत नसत.
फक्त त्यांच्या वाळवंटात नद्या बरोबर दिशेला वाहत.
ढग कुठल्या डोंगराला अडून परत फिरतात
हे गुरं चोरणारासुद्धा नीट समजावून सांगे,
आणि संपादक तो परिच्छेद दर वेळी खोडी.

आणखी एक. त्र्याण्णवाव्या पानावर मरणारा माणूस,
मग तो न्यायाधीश असो, सावकार असो, कर्नल असो,
त्याच्या डाव्या कानाखाली मसुराएवढा तीळ असे.
मला वाटायचं, सवय.
घाईत लिहिणाऱ्याला एखादा चेहरा तयार असलेला बरा.

एकोणिसाव्या वर्षी दाखल्यासाठी
शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. बारा नंबरची खिडकी.
आतला माणूस म्हातारा, सौम्य, सर्दीने बेजार.
शिक्का शोधायला त्याने मान वळवली
आणि मला तीळ दिसला.
अर्धवट उघड्या खणात, पालथी घातलेली,
किऑस्कवर अर्ध्या पेसेटाला बदलून मिळते तसली
लॉर्न टी. बर्डिकची कादंबरी.
कितव्या पानावर होता, कोण जाणे.
"रोविरोसा," त्याने आडनाव वाचलं. "रोविरोसा..."
मग शिंकला. मग सही केली.
शेपटी थोडी थरथरली होती, पण तीच.

घरी येऊन सांगितलं.
बाबांनी चष्मा काढला नाही.
"आवडतं का त्याला?" एवढंच विचारलं.
म्हटलं, कोपरे बरेच मुडपलेत.
ते बोटं बटणांवर ठेवून तसेच बसले.
चणे उतू गेले, आईने काही न बोलता विझवलं.
शनिवार उद्यावर आला होता.

त्या आठवड्यात, त्र्याण्णवाव्या पानावर,
नेम धरलेला असताना कर्नलला शिंक आली
आणि गोळी कानावरून गेली.
आईने रेघा दोनदा मोजल्या. दहाच भरल्या.
पानं मात्र बाबांनी शहाण्णव पुरी केली,
उरलेल्या जागेत एक नदी घालून.